दीर्घ प्रवासाच्या शेवटी पॅटागोनिया : हिमनद्या, वारा आणि परतीचे तिकीट

मुक्कामपोस्ट (धागाकर्ती)

दक्षिण अमेरिकेचा काही महिन्यांचा प्रवास आखताना खंडाच्या दक्षिण टोकाकडचा, चिली आणि अर्जेंटिनात पसरलेला पॅटागोनिया सुरुवातीला ठेवावा की शेवटी, हा प्रश्न या विभागात अनेकांनी विचारलेला आहे. मी पेरू आणि बोलिव्हिया पाहून, अर्जेंटिनातून बसने दक्षिणेकडे सरकत, डिसेंबरमध्ये प्रवासाच्या अगदी अखेरीस तेथे पोहोचले. माझे मत आधीच सांगते. डोंगर आणि हिमनद्या शेवटी ठेवायला काहीच हरकत नाही. किंबहुना पायांच्या दृष्टीने तेच सोयीचे आहे. मात्र डोंगरातला शेवटचा दिवस आणि परतीचे विमान यांच्यामध्ये मोकळे दिवस नसतील, तर तो बेत मुळातच फसलेला आहे, असे समजावे.

प्रथम उंचीविषयी, कारण आपल्याकडे हिमनदी म्हटले की विरळ हवा आणि डोकेदुखी आठवते. गोमुख सुमारे ४,००० मीटरवर आहे. याउलट पेरितो मोरेनो हिमनदी ज्या लागो अर्जेंतिनो सरोवरात उतरते, त्याची पातळी समुद्रसपाटीपासून जेमतेम १८५ मीटरच्या आसपास आहे. चिलीतील तोरेस देल पाइने राष्ट्रीय उद्यानात तिन्ही सुळक्यांच्या पायथ्याचे तळे ९०० मीटरच्या आसपास आहे आणि लांबच्या 'ओ' वाटेवरची सर्वांत उंच जागा, म्हणजे जॉन गार्डनर खिंड, सुमारे १,२०० मीटरवर आहे. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे प्रमाण कळते. ला पाझ आणि उयुनीचे मिठागर साडेतीन हजार मीटरच्या वर असल्याने, तेथून आलेल्या माणसाला पॅटागोनियात दम लागण्याचा प्रश्नच येत नाही.

इतक्या खाली बर्फ कसा, याचे उत्तर वाऱ्यात आहे. पन्नास अक्षांशाच्या आसपास पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांना पॅसिफिकवर अडवायला जमीनच नाही. ते बाष्प घेऊन थेट अँडीजवर आदळतात आणि डोंगरमाथ्यावर वर्षभर प्रचंड हिम पडते. त्यातूनच दक्षिण पॅटागोनियाचे हिमक्षेत्र तयार झाले आहे. त्याची लांबी सुमारे ३५० किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे १२,००० चौरस किलोमीटर असून अंटार्क्टिका वगळता दक्षिण गोलार्धात एवढा मोठा बर्फाचा सलग पट्टा दुसरा नाही. ग्रे, पेरितो मोरेनो, उप्साला, व्हिएद्मा या सगळ्या हिमनद्या त्याच हिमक्षेत्रातून खाली उतरतात. डोंगराच्या पूर्वेला मात्र पाऊस एवढा कमी होतो की एल कालाफाते गावाभोवती खुरट्या झुडपांचा कोरडा माळ पसरलेला दिसतो. त्या माळावरून बसने दीडेक तास गेल्यावर समोर पाच किलोमीटर रुंदीची, पाण्यावर साठ-सत्तर मीटर उंच उभी असलेली बर्फाची भिंत येते, आणि हे दोन्ही एकाच दिवसात पाहिले हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो.

हाच वारा पाठीवर सॅक घेऊन चालणाऱ्याची खरी परीक्षा घेतो. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, तो सर्वांत जोरात असतो आणि ताशी शंभर किलोमीटरचे झोत तेथे नवलाचे मानले जात नाहीत. सॅकवर घालायचे पावसाळी आवरण अशा झोतात निघून जाते. त्याऐवजी सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून सगळे सामान त्यात भरणे अधिक भरवशाचे आहे. झोत आला की काठ्या रोवून, गुडघे वाकवून थांबायचे आणि तो ओसरला की चालायचे. लागो पेहोएच्या काठाने जाताना वाऱ्याने सरोवरातले पाणी उचलून वाटेवर आणून फेकलेले मी पाहिले. त्या दिवशी आकाश निरभ्र होते.

तोरेस देल पाइनेमध्ये दोन प्रसिद्ध वाटा आहेत. 'डब्ल्यू' साधारण ७० ते ८० किलोमीटरची असून चार-पाच दिवसांत होते. 'ओ' ही पूर्ण प्रदक्षिणा असल्यामुळे तिला आठवडाभर किंवा अधिक वेळ लागतो आणि ती घड्याळाच्या उलट दिशेनेच करावी लागते. मुक्कामाच्या जागा ठरलेल्या आहेत, त्या आधी आरक्षित कराव्या लागतात आणि आरक्षण नसल्यास पुढे जाता येत नाही. महिनोन्महिने 'उद्याचे उद्या पाहू' या पद्धतीने फिरलेल्या माणसाला येथेच पहिला धक्का बसतो. मी बोलिव्हियात असतानाच तारखा घेऊन ठेवल्या होत्या. उघड्यावर शेकोटीला सक्त मनाई आहे आणि स्वयंपाक फक्त नेमलेल्या निवाऱ्यातच करावा लागतो. पर्यटकांच्या निष्काळजीपणामुळे २००५ मध्ये आणि पुन्हा २०११-१२ मध्ये या उद्यानात वणवे लागून प्रत्येक वेळी हजारो हेक्टर जंगल जळाले. लेंगा या तेथील झाडांची जळून पांढरी पडलेली खोडे आजही वाटेत उभी दिसतात, त्यामुळे हा नियम कोणाला जाचक वाटत नाही.

अर्जेंटिनाच्या बाजूचे एल चाल्तेन मला अधिक आवडले, आणि तो कदाचित थकव्याचा परिणाम असेल. हे गाव १९८५ मध्ये चिलीशी असलेल्या सीमावादाच्या पार्श्वभूमीवर वसवण्यात आले. गावातून निघावे, फिट्झ रॉयच्या (३,४०५ मीटर) पायथ्याचे लागुना दे लोस त्रेस तळे पाहावे आणि संध्याकाळी पुन्हा त्याच खोलीत झोपावे, ही सोय लांबच्या प्रवासाच्या अखेरीस फार मोलाची वाटते. वाट एका बाजूने साधारण दहा किलोमीटर आहे. त्यातले नऊ किलोमीटर सुखाचे असून शेवटच्या एका किलोमीटरमध्ये सुमारे चारशे मीटरची उभी चढण आहे. डोंगर दिसेलच याची हमी नाही. माझ्या बरोबरच्या एका जोडप्याने तळ्यापाशी दोन तास ढग हटण्याची वाट पाहिली आणि अखेर ते तळ्याचेच फोटो काढून उतरले.

पेरितो मोरेनोवर वाटाड्यांबरोबर प्रत्यक्ष बर्फावरही चालता येते. होडीने ब्राझो रिको हा सरोवराचा फाटा ओलांडून पलीकडे गेल्यावर वाटाडे तुमच्या बुटांना काटेरी पट्ट्या स्वतः बांधतात आणि प्रत्येक पट्टा ओढून तपासतात. चढताना पाऊल सपाट टाकायचे आणि उतरताना गुडघे वाकवून टाच दाबायची, एवढेच शिकवतात. जवळून पाहिल्यावर बर्फ पांढरा नसतो. वरचा थर खरखरीत, धुळीने करडा झालेला असतो आणि त्यात मधेच हाताच्या पंजाएवढे एखादे भोक दिसते, ज्यात पाणी तळापर्यंत गडद निळे होत जाते. दाबाने हवेचे बुडबुडे निघून गेलेला घट्ट बर्फ तांबडा प्रकाश शोषून घेतो, म्हणून तो रंग दिसतो. सरोवराचे दुधाळ पाणी हेही हिमनदीचेच काम आहे. ती खालचा खडक इतका बारीक दळते की जात्यातून निघालेल्या पिठासारखी त्याची भुकटी पाण्यात तरंगत राहते.

आता सामानाविषयी. प्रवासाच्या अखेरीस बुटांचे तळवे झिजलेले असतात, पावसाळी जाकिटाचा थर उडालेला असतो आणि तंबू बरोबर असलाच तर त्याच्या शिवणी सैल झालेल्या असतात. हे सगळे दुरुस्त करत बसण्यापेक्षा तोरेस देल पाइनेजवळच्या पुएर्तो नातालेस या चिलीतील गावात तंबू, झोपायची पिशवी, चूल आणि काठ्या भाड्याने घ्याव्यात. गरम प्रदेशातले कपडे तेथील वसतिगृहात ठेवून हलक्या सॅकने डोंगरात जावे. बूट मात्र भाड्याने घेऊ नयेत.

परतीच्या तिकिटाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. लागो पेहोए ओलांडणारी होडी वाऱ्यामुळे रद्द होते आणि खिंडीची वाट हवामानामुळे बंद केली जाते. उशीर झाला तर पुएर्तो नातालेसहून एल कालाफातेची बस चुकते, आणि तेथून ब्युनोस आयर्सचे विमानही. प्रवासाच्या मध्यावर असा उशीर झाला तर माणूस दोन दिवस आणखी राहतो. अखेरीस मात्र मुंबईचे तिकीट ठरलेले असते, सुट्टी संपलेली असते, आणि नेमका तोच माणूस खराब हवेत 'जाऊ या, होईल' म्हणून निघतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये जॉन गार्डनर खिंडीच्या परिसरात हिमवादळात सापडून पाच परदेशी ट्रेकर मृत्युमुखी पडले. त्यांची परिस्थिती काय होती यावर मी भाष्य करणार नाही. पण त्या खिंडीतले हवामान काय करू शकते, हे त्यावरून समजून घ्यावे. माझ्या मते डोंगर संपल्यावर किमान तीन-चार दिवस ब्युनोस आयर्स किंवा सांतियागोसाठी राखून ठेवावेत. वेळेवर उतरलात तर शहर पाहून होते, आणि नाही उतरलात तर फक्त शहर बुडते.

सह्यवारा

लेख सविस्तर आणि उपयुक्त आहे, परंतु मूळ मताशी मी सहमत नाही. मी उलटा क्रम घेतला होता. फेब्रुवारीच्या अखेरीस पॅटागोनियापासून सुरुवात केली आणि मे महिन्यात पेरूमध्ये पोहोचलो. ताजे पाय, नवे बूट आणि न आटलेले पैसे, अशा अवस्थेत सर्वांत कठीण भाग आधी उरकला. दुसरे म्हणजे, महिनोन्महिने सुंदर जागा पाहिल्यानंतर माणसाची नजर बोथट होते. वसतिगृहात असे अनेक जण भेटले ज्यांना पेरितो मोरेनोसमोर उभे राहूनही पुढच्या बसची वेळ अधिक महत्त्वाची वाटत होती. एवढ्या लांब जाऊन हिमनदी अशा नजरेने पाहायची असेल तर ती शेवटी ठेवू नये.

मुक्कामपोस्ट

सह्यवारा, तुमचा क्रम ऋतूच्या दृष्टीने पूर्ण बरोबर आहे. मेपासून पेरूच्या डोंगरात कोरडा हंगाम सुरू होतो आणि मार्चमध्ये पॅटागोनियातला वारा थोडा मंदावतो. ज्यांना भारतातून फेब्रुवारीत निघता येते त्यांनी तसेच करावे. मी सप्टेंबरमध्ये निघाले होते आणि त्या वेळी दक्षिणेतला हिवाळा पुरता संपलेला नसतो, त्यामुळे मला उत्तरेकडूनच खाली येणे भाग होते. म्हणजे क्रम आवडीपेक्षा निघण्याच्या महिन्यावर ठरतो.

बोथट नजरेचा मुद्दा मात्र मला मान्य नाही. निदान चालणाऱ्याच्या बाबतीत तरी तो लागू होत नाही. बसमधून उतरून फोटो काढणारा कंटाळू शकतो. वाऱ्यात तोल सांभाळत चार तास चालून ग्रे हिमनदीच्या काठी पोहोचलेल्याला कंटाळायला सवड नसते.

पिठलंभाकर

आम्ही दोघे शाकाहारी आहोत. डोंगरात खाण्याचे काय करावे? घरून मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी नेली तर चिलीच्या सीमेवर अडवतात, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

सांतियागोकर

मी काही वर्षांपासून येथे राहतो, म्हणून उत्तर देतो. चिलीचे कृषी तपासणीचे नियम फार कडक आहेत, कारण देशाची फळांची निर्यात मोठी असून बाहेरची कीड आत येऊ द्यायची नाही. ताजी फळे, भाज्या, मध आणि कच्च्या बिया आणू नयेत. वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य असे जे काही बरोबर असेल ते सीमेवरच्या घोषणापत्रात लिहावेच. भाजून दळलेली, कंपनीच्या बंद पाकिटातली वस्तू असेल तर ती सोडली जाण्याची शक्यता बरीच असते; घरी बांधलेल्या पुडीबाबत निर्णय समोरच्या अधिकाऱ्याचा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात, पण न लिहिलेली सापडली तर दंड होतो. एकदा एल कालाफातेहून येताना आमच्या बसमधील एका सहप्रवाशाच्या पिशवीत सफरचंद सापडले. ते तो विसरला होता, हे सगळ्यांना दिसत होते, तरीही दंडाची पावती फाटली आणि बस तासभर थांबली.

पुएर्तो नातालेसमध्ये मसूर, पास्ता, मक्याचा रवा, ओट्स आणि सुका मेवा सहज मिळतो, त्यामुळे चार-पाच दिवसांची शिधा तेथेच भरावी. मक्याच्या रव्याचा तिखट-मीठ घातलेला सांजा थंडीत उत्तम लागतो. वाटेवरील निवाऱ्यांत जेवण मिळते, पण ते महाग आहे आणि शाकाहारी हवे असल्यास आधी कळवावे लागते.

मुक्कामपोस्ट

त्यात एक भर घालते. माझे मेतकूट बोलिव्हियातच संपले होते, त्यामुळे सीमेवर सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते. शेवटी पॅटागोनिया ठेवण्याचा हाही एक फायदा म्हणता येईल. आणि मुक्कामाच्या जागी उंदरांपासून सावध राहा. शेजारच्या तंबूतील मुलीने सॅकच्या बाजूच्या खिशात बिस्किटाचा अर्धा पुडा ठेवला होता. सकाळी त्या खिशाला अंगठ्याएवढे गोल भोक होते आणि आत फक्त वेष्टन. दक्षिण चिलीत उंदरांमार्फत हान्टा विषाणूचा संसर्ग होतो, त्यामुळे हा प्रश्न केवळ खाण्याचा नाही. अन्न पिशवीत घालून उंच टांगावे किंवा निवाऱ्यात ठेवावे.

कातळवाट

मी हिमालयात दोराने चढाई करणाऱ्यांपैकी आहे, म्हणून एक स्पष्टीकरण करावेसे वाटते. वरील वर्णनातील बहुतेक चाल हिमनदीच्या कडेने आहे, हिमनदीवरून नाही, आणि हा फरक नवख्यांनी नीट समजून घ्यावा. ग्रे किंवा पेरितो मोरेनो वाटाड्यांनी रोज पाहिलेल्या ठरावीक पट्ट्यातच सुरक्षित आहेत. एल चाल्तेनहून हिमक्षेत्रावर जाणाऱ्या अनेक दिवसांच्या मोहिमा निघतात, पण तेथे ताज्या हिमाखाली भेगा झाकलेल्या असतात, दोर, कप्पी आणि सुटकेचा सराव लागतो आणि वारा तंबू फाडू शकतो. 'डब्ल्यू' सहज झाली म्हणून प्रवासाच्या शेवटी हेही करून टाकू, असा विचार मी तरी कोणाला करू देणार नाही. जाताजाता एक गंमत सांगतो. त्या हिमक्षेत्रावर चिली आणि अर्जेंटिना यांच्यातील सीमेचा एक तुकडा १९९८ च्या करारानंतरही आखून झालेला नाही, त्यामुळे नकाशावर तेथे रेषेऐवजी कोरी चौकट दिसते.

सह्याद्रीत चालणाऱ्यांसाठी दुसरी सूचना. आपल्याकडे पावसात भिजलो तरी चालत राहिले की अंग गरम राहते. तेथे भिजलेले अंग आणि वारा एकत्र आले की उन्हाळ्यातही शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरते. कोरड्या कपड्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी ठेवावा आणि कितीही मोह झाला तरी तो दिवसा घालू नये.

निवृत्तीनंतर

आम्ही दोघेही साठीच्या पुढचे आहोत आणि माझे गुडघे कुरकुरतात. या सगळ्यातले आम्हाला काय झेपेल? मुलीकडे अमेरिकेत जाऊन परतताना दक्षिणेकडे जावे, असा विचार आहे.

मुक्कामपोस्ट

तुम्ही मुक्काम एल कालाफातेला ठेवा. पेरितो मोरेनोसमोर लोखंडी जाळीच्या पायवाटांचे मोठे जाळे आहे, त्याचा काही भाग पायऱ्यांशिवायही पाहता येतो आणि अक्षरशः दिवसभर एका बाकावर बसून राहिलात तरी ते वाया जाणार नाही. बर्फाचा तुकडा कोसळताना आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो, त्यामुळे आवाज ऐकून मान वळवणाऱ्याला फक्त लाट दिसते. नजर भिंतीवरच ठेवावी. बर्फावरच्या चालीसाठी वयाची कमाल मर्यादा असते, ती आरक्षणाआधी तपासा. एल चाल्तेन तेथून बसने साधारण तीन तासांवर आहे आणि गावाजवळच्या टेकडीवरील छोट्या वाटेवरूनही हवा स्वच्छ असल्यास फिट्झ रॉय दिसतो. तोरेस देल पाइने हवे असेल तर पुएर्तो नातालेसहून दिवसभराची बस सहल घ्या आणि सुळक्यांच्या पायथ्याची चढण सोडून द्या. शेवटच्या टप्प्यात मोठ्या दगडांवरून चढावे लागते आणि उतरताना गुडघ्यांचे हाल होतात.

दिनदर्शिका

कागदपत्रांबाबत दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत. एल कालाफातेहून पुएर्तो नातालेसला जाऊन परत अर्जेंटिनात यायचे असेल, तर अर्जेंटिनाचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असावा लागतो. दुसरी गोष्ट पीतज्वराच्या लसीच्या प्रमाणपत्राची. पेरू, बोलिव्हिया, ब्राझील, अर्जेंटिना या देशांतून भारतात परतताना ते विमानतळावर मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. पिवळे कार्ड महिनोन्महिने सॅकच्या तळाशी राहून ओले होते किंवा हरवते, म्हणून ते पासपोर्टबरोबर ठेवावे.

सह्यवारा

पेरितो मोरेनोबद्दल एक प्रश्न. ही हिमनदी स्थिर आहे, जगातल्या इतर हिमनद्यांसारखी मागे हटत नाही, असे मी गेलो तेव्हा वाटाड्याने सांगितले होते. आता तसे म्हणता येईल का?

कातळवाट

अनेक दशके ते खरे होते. तिचे तोंड पुढे येऊन समोरच्या मॅगेलन द्वीपकल्पाला टेकायचे, त्यामुळे ब्राझो रिकोचे पाणी अडून चढायचे, मग ते बर्फाखालून बोगदा कोरायचे आणि वरची कमान कोसळायची. हे १९८८ नंतर थेट २००४ मध्ये झाले आणि त्यानंतर मार्च २०१८ पर्यंत अनेकदा घडले. मात्र २०१९ च्या सुमारास तिनेही स्पष्टपणे माघार घ्यायला सुरुवात केली आहे. शेजारची उप्साला तर कित्येक वर्षांपासून मागे जात आहे, आणि ग्रे हिमनदीचा सुमारे ३५० गुणिले ३८० मीटरचा तुकडा नोव्हेंबर २०१७ मध्ये सुटून सरोवरात गेला. त्यामुळे कमान कोसळताना पाहायला मिळेल, या आशेवर तारखा ठरवू नयेत.

पिठलंभाकर

सर्वांचे आभार. आमचा बेत ऑक्टोबरमध्ये पेरूपासून सुरू करून जानेवारीत पॅटागोनिया असा ठरला आहे. शेवटचा एक प्रश्न. तंबू भाड्याने घेतला तर तो उभा करताना काही विशेष काळजी घ्यावी लागते का?

मुक्कामपोस्ट

दुकानातच एकदा पूर्ण उभा करून पाहा आणि खुंट्या मोजून घ्या, कारण परत करताना त्या मोजल्या जातात. तंबूचा अरुंद भाग पश्चिमेकडे ठेवा, प्रत्येक खुंटीवर दगड ठेवा आणि वाऱ्याच्या बाजूचे ताण दुहेरी बांधा. काही मुक्कामांवर लाकडी चौथरे असतात, तेथे खुंट्यांचा उपयोग नसतो. त्यासाठी चार-पाच मीटर बारीक दोरी जवळ असू द्या. जानेवारीत गर्दी सर्वाधिक असते, त्यामुळे तोरेस देल पाइनेच्या मुक्कामाचे आरक्षण पेरूला निघण्याआधीच करून टाका.